चासी नवी, रायफल जुनी : वस्तूचं ‘तेच’पण कुठे राहतं?



मागच्या व्याख्यानात आपण मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद पाहिला. राजा रथात बसून आला होता. नागसेनानं त्याला विचारलं, रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, दोर, सांगाडा, यांपैकी कोणता भाग म्हणजे रथ? प्रत्येक वेळी राजाला ‘नाही’ म्हणावं लागलं. शेवटी त्यानं मान्य केलं, की या सगळ्या भागांच्या आधारानं ‘रथ’ हे एक नाव व्यवहारात चालतं, इतकंच. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं प्रश्न केला होता, ‘सर, हे वर्गात ठीक आहे. पण प्रत्यक्ष आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर कोणाला द्यावं लागतं का?’

लागतं. कायद्याला द्यावं लागतं, कारागिराला द्यावं लागतं, आणि ज्याच्या घरी एखादी जुनी वस्तू आहे त्यालाही द्यावं लागतं. हे दाखवण्यासाठी आम्ही आज मुद्दाम तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात न सापडणारं उदाहरण घेतलं आहे. जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल लाकडी दस्त्यातून काढून आजच्या ॲल्युमिनियमच्या चासीत बसवणं, हे ते उदाहरण. अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात हे काम हौशी आणि व्यावसायिक नेमबाज नेहमी करतात. रायफल ही जीव घेऊ शकणारी वस्तू आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. पण म्हणूनच तिच्या बाबतीत ‘ही वस्तू तीच आहे का?’ हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेत नाही.

एकच शब्द, दोन उलटे अर्थ

‘चासी’ हा शब्द आपल्याला ट्रकवरून माहीत आहे. कंपनी चासी देते, आणि वरची बॉडी दुसरीकडे बांधून घेतात. बॉडी कितीदाही बदला, रंग बदला, केबिन बदला. आरटीओच्या दप्तरी गाडीची ओळख चासी नंबरानं होते. तो नंबर खोडलेला सापडला, तर पोलीस पहिला संशय चोरीचा घेतात. म्हणजे ट्रकच्या बाबतीत चासी हा गाडीचा आत्मा, आणि बॉडी हे कपडे.

रायफलीच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. तिथं चासी म्हणजे कपडे. अमेरिकेत रायफलीची चासी पोस्टानं घरपोच येते, तिला केंद्रीय कायद्यानं परवाना लागत नाही, कारण कायद्याच्या नजरेत ती शस्त्रच नाही. मग शस्त्र कोणतं? त्यासाठी आधी रायफल उघडून बघू.

बोल्ट-ॲक्शन रायफलीचे ढोबळमानानं पाच भाग धरा. पहिला, नळी. दुसरा, रिसीव्हर : नळी जिच्यात आटे पाडून घट्ट बसवलेली असते ती पोलादी पेटी. तिसरा, बोल्ट : रिसीव्हरमध्ये मागेपुढे सरकणारा दांडा. तो हातानं उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. तेव्हा काडतूस नळीच्या तोंडाशी बंद होतं. चौथा, चाप आणि मॅगझिन. आणि पाचवा, दस्ता. दस्ता म्हणजे नुसता खांद्याला टेकणारा भाग नव्हे, तर खांद्यापासून पुढच्या हातापर्यंतचं सगळं लाकडी अंग. पहिले तीन भाग स्फोटाचा दाब सोसतात. पाचवा तो दाब सोसत नाही, पण धक्का सोसतो आणि माणसाच्या शरीराशी नातं जोडतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच उभं आहे.

लाकूड का सोडायचं?

जुन्या दस्त्याचं लाकूड बहुधा अक्रोडाचं. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. आपल्या घरातली दारं पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकतात, तेच इथंही घडतं. धाग्याच्या दिशेनं लाकूड जवळजवळ बदलत नाही, पण आडवं फुगतं. फुगलेलं लाकूड नळीला एका बाजूनं टेकलं, की गोळी झाडताना नळी जी थरथरते त्या थरथरीत फरक पडतो, आणि काल जिथं गोळी लागत होती तिथं आज लागत नाही. शंभर मीटरवर दोन-चार सेंटिमीटरचा फरक शिकाऱ्याला चालून जाईल, स्पर्धकाला चालत नाही.

यावर कारागिरांनी टप्प्याटप्प्यानं उपाय काढले. आधी रिसीव्हर आणि लाकूड यांच्यामध्ये इपॉक्सीचा थर भरून बरोबर त्याच आकाराचं आसन तयार करायला लागले. मग स्क्रू ज्या भोकांतून जातात तिथं धातूच्या नळकांड्या बसवल्या, म्हणजे स्क्रू आवळला की लाकूड दबणार नाही. मग कृत्रिम तंतूंच्या दस्त्यात आतून ॲल्युमिनियमचा ठोकळा घातला. आणि शेवटी कोणीतरी विचार केला, की ठोकळाच जर काम करतोय तर बाकीचा दस्ता हवा कशाला? सगळा कणाच ॲल्युमिनियमचा करू, आणि हाताला लागेल तिथंच प्लॅस्टिक किंवा रबर लावू. ही झाली चासी.

या कल्पनेला ज्यांनी लष्करात मान्यता मिळवून दिली त्यांत ब्रिटनचे माल्कम कूपर यांचं नाव येतं. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात त्यांनी १९८४ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. (याच प्रकारात २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवलं.) कूपर यांच्या ॲक्युरसी इंटरनॅशनल या कंपनीची रायफल ब्रिटिश लष्करानं १९८० च्या दशकात एल९६ या नावानं घेतली. तिच्यात ॲल्युमिनियमचा कणा होता आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे कवच. पुढे याच कंपनीनं दुसऱ्या कंपनीच्या, म्हणजे रेमिंग्टन ७०० च्या रिसीव्हरसाठी वेगळी चासी विकायला काढली. तिच्या मॅगझिनचा नमुना इतका रुजला, की आज दुसरे कितीतरी उत्पादक त्याच मापाची मॅगझिनं करतात.

बसवणं म्हणजे काय?

आता प्रत्यक्ष काम. रेमिंग्टन ७०० ही रायफल १९६२ साली आली. तिचा रिसीव्हर गोल पोलादी सळईतून कातलेला, म्हणून खालून दंडगोलासारखा. गोल वस्तू ठेवायला सर्वांत चांगली जागा कोणती? इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच. माठ डुलू नये म्हणून आपण चुंबळ घेतो, तसंच काहीसं. फक्त इथं गोल वस्तू दोन बाजूंच्या दोन सरळ रेषांवरच टेकते, त्यामुळे ती डुलत नाही. चासीत अशी खाच असते. एकाच मापाचे लाखो रिसीव्हर तिच्यात बसतात, म्हणून बाजारातल्या चासी आधी या रायफलीसाठी निघतात.

काम सुरू करण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री करायची, आणि बोल्ट काढून बाजूला ठेवायचा. मग खालचे दोन स्क्रू सोडले की पोलादी भाग लाकडातून वर उचलला जातो. रिसीव्हरच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक पोलादी दात असतो. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते; तो सगळा धक्का हा दात दस्त्याला देतो. चासीत बसवताना या दाताची मागची बाजू चासीच्या भिंतीला पूर्ण टेकलेली हवी, आणि खाली मात्र थोडी मोकळीक हवी. दात खाली टेकला, तर रिसीव्हर खाचेत न बसता दातावर तोलला जातो.

म्हणून रायफल उभी धरून, पोलादी भाग मागे दाबून, मग दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडेथोडे आवळायचे. किती आवळायचे हे चासीचा उत्पादक सांगतो. ॲल्युमिनियमच्या चासीत रेमिंग्टन ७०० ला साधारण ६५ इंच-पाउंड, म्हणजे सव्वासात न्यूटन-मीटरच्या आसपास. हे अंदाजानं करायचं काम नाही, मोजणारा पाना लागतो. मग एक सोपी परीक्षा : एक स्क्रू सैल करायचा आणि नळीच्या टोकाकडे बघायचं. टोक हललं, तर रिसीव्हर खाचेत बसलेला नव्हता, वाकवून धरलेला होता. तशी रायफल आज बरोबर मारेल, पण नळी तापली की भरकटेल.

आणखी तीन गोष्टी बघायच्या. पुढचा स्क्रू लांब असेल तर तो रिसीव्हरच्या आत डोकावतो आणि बोल्टला घासतो. जुन्या दस्त्याचा स्क्रू नव्या चासीत तसाच वापरला की हे होतं. चाप आणि त्याचा खटका चासीत कुठं अडकत नाही ना, बोल्टचा दांडा पूर्ण खाली जातो ना, हे बघायचं. आणि शेवटी नळी आणि चासी यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून ती रिसीव्हरपर्यंत सरकवायची. पट्टी कुठं अडली नाही, म्हणजे नळी मोकळी.

हे सगळं सांगण्यामागे आमचा हेतू आहे. ‘घट्ट बसवणं’ याचा आपण सहसा अर्थ घेतो तो असा, की सगळीकडून घट्ट. इथं तसं नाही. दोन रेषा, एक भिंत, दोन स्क्रू. इतक्या ठिकाणी पक्का संपर्क, आणि बाकी सगळीकडे पूर्ण मोकळीक. चांगलं बसणं म्हणजे कुठं टेकायचं आणि कुठं टेकायचं नाही, हे ठरलेलं असणं. चासीही परिपूर्ण नाहीच. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पण त्याचं प्रसरण तापमानावरून सांगता येतं. लाकडाचं वागणं ऋतूवर, धाग्यावर आणि वयावर अवलंबून असतं. चासी स्थिर आहे असं म्हणण्यापेक्षा, तिचं हलणं आपल्याला समजतं, असं म्हणणं जास्त बरोबर.

जिथं जुनेपण आडवं येतं

रेमिंग्टन ७०० आपल्या चर्चेसाठी सोपी आहे. आता खरोखर जुनी रायफल घेऊ : माऊझर ९८. जर्मनीनं ती १८९८ साली स्वीकारली, आणि तिचा आखूड प्रकार, कार्बिनर ९८के, १९३५ साली. आज जगातल्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन रायफली या ना त्या रीतीनं तिच्याच वंशातल्या.

तिचा रिसीव्हर खालून सपाट आहे, तेव्हा ‘व्ही’ खाच चालत नाही. तिच्यासाठी वेगळी कातलेली चासी लागते. इथपर्यंत ठीक. पण लष्करी ९८के ची नळी पायऱ्यापायऱ्यांनी बारीक होत जाते, आणि तिच्यावर मागच्या माशीचं आसन डाखून बसवलेलं असतं. चासीत ते मावलं नाही तर ते आसन तापवून काढावं लागतं. दुर्बीण लावायची तर रिसीव्हरला भोकं पाडून आटे काढावे लागतात. मूळ सेफ्टीचा पंखा वरून फिरतो, तो दुर्बिणीला आडवा येतो, म्हणून तो बदलायचा. बोल्टचा दांडा उचलताना दुर्बिणीला लागतो, म्हणून तो कापून नवा जोडायचा. मूळ मॅगझिनमध्ये काडतुसं दोन रांगांत आलटून पालटून बसतात, आणि रिसीव्हरमधले रूळ त्याच रुंदीला कातलेले असतात. आजच्या सुट्या मॅगझिनमध्ये काडतूस मधोमध वर येतं. ते नीट चढावं म्हणून पुष्कळदा रूळ घासावे लागतात.

बघा, काय झालं ते. आपण कपडे बदलायला निघालो होतो. दस्ता काढून चासी लावणं हे दोन स्क्रूंचं काम, उद्या परत उलटं करता येतं. पण नवे कपडे अंगावर बसावेत म्हणून आपण अंगच कापायला लागलो. पाडलेलं भोक बुजवता येतं, पण न पाडल्यासारखं करता येत नाही. घासलेला रूळ परत वाढत नाही.

ली-एनफिल्डची गोष्ट याहून बोलकी आहे. पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी युरोपात आणि मेसोपोटेमियात वापरलेली, पश्चिम बंगालच्या ईशापूरच्या कारखान्यातही बनलेली, आणि आपल्याकडे पोलिसांच्या हातात अनेक दशकं दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ ती हीच. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. मागचा तुकडा रिसीव्हरच्या पोलादी खोबणीत लांब बोल्टनं आवळलेला, पुढचा वेगळा. शिवाय तिची नळी बारीक. त्या नळीला पुढच्या लाकडानं ठरावीक दाब द्यावा, अशीच ती जुळवलेली असते. म्हणजे इथं लाकूड हे नुसतं आवरण नाही. नळी कशी थरथरेल हे ठरवण्यात त्याचा वाटा आहे. अशा रायफलीची नळी ‘मोकळी’ केली म्हणून ती जास्त अचूक होईलच असं नाही, कधी उलटही होतं. जी गोष्ट आपण कपडे समजत होतो, ती इथं अंगाचा भाग निघाली. कोणता भाग बाहेरचा आणि कोणता आतला, हे भागाकडे बघून कळत नाही. तो काय काम करतो, यावरून कळतं.

मग रायफल कोणती?

आता नागसेनाचा प्रश्न आपण तीन जणांना विचारू.

पहिला, कायदा. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनं नंबर घालायचा तो रिसीव्हरवर. रिसीव्हर म्हणजे शस्त्र. नळी, बोल्ट, दस्ता हे सुटे भाग. ब्रिटनमध्ये मात्र नळी, रिसीव्हर आणि दाब सोसणारा बोल्ट, असे तिन्ही भाग नियंत्रित आहेत. जर्मनीतही अशा प्रमुख भागांना शस्त्रासारखंच वागवतात. म्हणजे अमेरिकेत रायफलीचा ‘आत्मा’ एका जागी राहतो, ब्रिटन-जर्मनीत तो तीन ठिकाणी वाटलेला आहे. एकच पोलाद, पण समुद्र ओलांडला की त्याचं ‘तेच’पण बदलतं. दस्ता मात्र कुठंच आत्मा नाही. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा दुरुस्ती आणि रूपांतर हे दोन्ही परवान्याच्या चौकटीत ठेवतो. हे घरच्या गॅरेजमधलं काम नाही, आणि आम्ही आज ते शिकवतही नाही आहोत.

दुसरं, लष्कर. अमेरिकी लष्कराची एम२४ ही रायफल १९८८ मध्ये आली. तिचा पाया रेमिंग्टन ७०० चाच. गंमत अशी, की तिच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाला आखूड रिसीव्हर पुरला असता, पण मुद्दाम लांब रिसीव्हर घेतला. पुढेमागे मोठं काडतूस वापरायची वेळ आली तर सोय असावी म्हणून. ती वेळ अफगाणिस्तानात आली. तिथं अंतरं लांब होती. २०१० मध्ये लष्करानं जुन्या एम२४ रायफलींचं रूपांतर करायचं कंत्राट दिलं, आणि २०११ मध्ये नव्या रायफली सैनिकांच्या हातात पडल्या. नाव एम२०१०. नळी नवी, काडतूस नवं (.३०० विंचेस्टर मॅग्नम), दुर्बीण नवी, घडीचा दस्ता असलेली चासी नवी, सुटं मॅगझिन नवं. जुनं काय राहिलं? रिसीव्हर. ज्या सैनिकानं १९९० मध्ये एम२४ चालवली असेल, त्याला एम२०१० हातात दिली तर तो ती ओळखणार नाही. पण हिशेबाच्या वहीत हे ‘रूपांतर’ आहे, नवी खरेदी नव्हे. लष्कराचं उत्तर असं, की काम व्हायला हवं. नाव बदललं तरी चालेल.

तिसरा, संग्राहक. त्याचं उत्तर पहिल्या दोघांपेक्षा अगदी वेगळं. जर्मन ९८के च्या बहुतेक भागांवर, दस्त्यावरसुद्धा, एकच क्रमांक ठोकलेला असायचा. सगळे क्रमांक जुळणारी रायफल संग्राहकाला मोलाची. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यानं अशा असंख्य रायफली हस्तगत केल्या, पुढे त्या उघडून, साफ करून, हाताला येईल तो भाग लावून परत जोडल्या, आणि जोडलेल्या भागांवर नवे क्रमांक घातले. क्रमांक जुळतात, पण ते जुळवलेले आहेत. संग्राहक भिंगातून बघतो आणि सांगतो, ‘ही ती नव्हे.’ गोळी झाडण्यात फरक नाही, कायद्यात फरक नाही. फरक इतिहासात आहे.

इथं हॉब्ज आठवतो. प्लुटार्कनं थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली : कुजलेल्या फळ्या एकेक बदलत गेले, तर जहाज तेच का? हॉब्जनं १६५५ मध्ये त्यात एक गाठ मारली. समजा कोणी काढून टाकलेल्या जुन्या फळ्या गोळा केल्या आणि त्यांचं पुन्हा जहाज बांधलं, तर आता खरं जहाज कोणतं? वर्गात मुलं यावर तासभर वाद घालायची. पण इथं बघा. चासी लावल्यावर जुना क्रमांक असलेला लाकडी दस्ता माळ्यावर पडला. दहा वर्षांनी तो कोणीतरी दुसऱ्या रिसीव्हरला लावला. आता अर्धा इतिहास इकडे, अर्धा तिकडे. हॉब्जची गाठ जुन्या वस्तूंच्या बाजारात रोज पडते आणि तिची किंमतही ठरते.

उत्तर एक नाही, पण मनमानीही नाही

‘मग सर, खरं उत्तर कोणतं?’ असं तुम्ही विचाराल. आमचं म्हणणं असं आहे, की तिघंही बरोबर आहेत, कारण तिघांचे प्रश्न वेगळे आहेत. कायदा विचारतो, ‘जबाबदारी कोणाची?’ त्यासाठी खोडता न येणारा एक ठिकाणा हवा. सैनिक विचारतो, ‘काम होईल का?’ संग्राहक विचारतो, ‘हिच्यावर काय घडून गेलं?’ नागसेनानं नाव आणि भाग यांचं नातं दाखवलं. त्यात आपण एवढीच भर घालू, की नाव कोणत्या कामासाठी घेतलं जातंय, त्यावर ते कोणत्या भागाला चिकटतं हे ठरतं.

पण याचा अर्थ ‘ज्याला जे वाटेल ते’ असा होत नाही. तिन्ही उत्तरांना एक समान कसोटी आहे, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते : जे केलं ते परत उलटवता येतं का? दोन स्क्रू सोडून काढलेला दस्ता परत लावता येतो. तोवर तिघांचेही प्रश्न जिवंत राहतात. रिसीव्हरला पाडलेलं भोक मात्र एकाच्या बाजूनं कायमचा निकाल देतं. नेमबाजाची सोय झाली, पण इतिहासाचा प्रश्न विचारायची सोय संपली. संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करणारे लोक म्हणूनच शक्य तितकं असं काम करतात, की पुढच्याला ते काढून टाकता यावं. पुढच्याला काय विचारायचं असेल, हे आपल्याला आज माहीत नसतं.

तेव्हा जुनी रायफल चासीत बसवायची की नाही, हा प्रश्न कोणी आम्हाला विचारला, तर आम्ही त्याला तीन गोष्टी बघायला सांगू. एक, ती ज्या देशात आहे तिथला कायदा कोणत्या भागाला शस्त्र म्हणतो, आणि हे काम करायचा अधिकार कोणाला देतो. दोन, बोल्ट आणि नळी यांची जोडी आजही दाब सोसायला सुरक्षित आहे का. हे परवानाधारक कारागिरानं मोजून सांगायचं, चासी कितीही नवी असली तरी जुनं पोलाद नवं होत नाही. आणि तीन, ही रायफल कारखान्यातून निघालेल्या हजारांपैकी एक आहे, की कोणाच्या हातून, कोणत्या लढाईतून आलेली एकमेव आहे. पहिल्या प्रकारची असेल तर खुशाल चासी लावावी, तिच्यासाठी तेच चांगलं. दुसऱ्या प्रकारची असेल, तर स्क्रू सोडण्यापर्यंत जावं, पण ड्रिल हातात घेऊ नये. चासी बाजारात उद्याही मिळेल. ती रायफल मिळणार नाही.

आणि हे फक्त रायफलीपुरतं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जुना वाडा, देवळाचा जुना सभामंडप, आजोबांची पेटी, इतकंच काय, एखादी संस्था. सगळीकडे आपण दस्ता बदलायला निघतो आणि नकळत रिसीव्हरला भोक पाडतो. बदलायला आमची हरकत नाही. सगळं जसंच्या तसं ठेवा, असं म्हणणारा माणूस पावसाळ्यात अडकलेलं दार आयुष्यभर ढकलत बसतो. फक्त हात घालण्याआधी विचारावं : यातलं अंग कोणतं आणि कपडे कोणते? आणि ते नुसतं बघून ठरवू नये, तो भाग काय काम करतोय ते बघून ठरवावं.

पुढच्या व्याख्यानात आपण हाच प्रश्न माणसाला लावू. लहानपणीचा मी आणि आजचा मी एकच का, याला जॉन लॉकनं दिलेलं उत्तर, आणि त्याला मिळालेली उत्तरं. तोवर घरातली एखादी जुनी वस्तू हातात घेऊन बघा, आणि तिचा कोणता भाग गेला तर तुम्ही ‘ही ती नव्हे’ म्हणाल, ते लिहून आणा.